पंचगंगेचं पाणी गल्लीत यायच्या आधी: तळमजल्यावरच्या घरासाठी

ताई, तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. कोल्हापुरात रमणमळ्याच्या बाजूला तळमजल्यावर घर घेतलंय. आधीच्या मालकांनी व्यवहार झाल्यावर सांगितलं, की २०२१ ला पाणी खिडकीच्या गजाला लागलं होतं. मिस्टर पुण्यात, घरात तुम्ही आणि सासूबाई. तेव्हा कधी निघायचं, निघताना काय करायचं आणि परत आल्यावर कुठून सुरुवात करायची, हे तीन. चौथा मालवणचा: आईबाबा दोघंच आहेत आणि वादळाची बातमी आली की तुमचा जीव टांगणीला लागतो. मी वायरिंगची कामं करतो आणि त्यातली बरीचशी पूरपट्ट्यातलीच, त्यामुळे उत्तरात विजेचं पारडं जड होणार. ते मुद्दामच समजा.

आपल्याकडचा पूर सांगून येतो, आणि घोटाळा तिथेच होतो. वेळ मिळतो म्हणून माणसं थांबतात. "अजून कोपऱ्यावर पण नाही आलं" म्हणत रात्र काढतात आणि सकाळी कोपरा दिसतच नाही. कोल्हापुरात ऊन पडलेलं असताना पाणी चढताना मी पाहिलंय. त्यात नवल काही नाही. पाऊस गगनबावड्याला, राधानगरीला, शाहूवाडीकडे पडतो; कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती भरून येतात आणि प्रयाग चिखलीला एक होऊन मग आपल्या दारात. आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून काही कळत नाही. दुसरं म्हणजे फुग, म्हणजे पुढे वाट न मिळाल्याने मागे तुंबणारं पाणी. नृसिंहवाडीला कृष्णा आधीच तुडुंब असेल तर ती पंचगंगेला आत घेत नाही, मग वरचा पाऊस थांबला तरी इथलं पाणी हटत नाही. २०१९ ला पाणी आलं आणि ठाण मांडून बसलं, २०२१ ला भराभर चढलं. एका पुरावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

आता आकडा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी असतात, पण ते शहराचे झाले. तुमच्या घराचा आकडा वेगळा आणि तो तुम्हीच काढायचा. २०२१ ला बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या थोडं वर गेलं होतं. भिंतीवर त्या पाण्याची खूण अजून असेल. रंग दिला असेल तर शेजाऱ्यांकडे सापडेल, कुणी ना कुणी मुद्दाम ठेवलेली असतेच. टेप लावून त्या खुणेपासून तुमच्या फरशीपर्यंत मोजा. समजा साडेचार फूट भरले, तर बंधाऱ्यावर साधारण ५१-५२ झाले की पाणी तुमच्या फरशीवर. हा हिशेब ढोबळ आहे, कारण नदीचं पाणी परातीत ओतल्यासारखं सपाट नसतं आणि तुमचं घर काही बंधाऱ्यावर नाही. म्हणून त्यातून दोन-तीन फूट कमी करूनच धरा. मग गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा, गल्लीचं तोंड किती फुटाला बंद होतं? तो आकडा घराच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचा, कारण सासूबाईंना घेऊन तुम्हाला तिथूनच बाहेर पडायचंय. दोन्ही आकडे स्वयंपाकघराच्या दारामागे मार्करने लिहून ठेवा.

शेजारी एक वाक्य हमखास ऐकवतील: "याच्या वर कधी येत नाही." २०१९ च्या आधी हेच वाक्य २००५ च्या खुणेबद्दल बोललं जायचं. लोकांनी त्या खुणेच्या वर टेबल, टेबलावर टीव्ही, टीव्हीशेजारी कागदपत्रांची पेटी असं रचून ठेवलं, आणि पाणी टेबलाच्याही वर गेलं. आज २०२१ ची खूण सगळ्यात वरची आहे. त्याच्या पुढे काही नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही.

निघायचं कधी? माझं मत स्पष्ट आहे. बंधाऱ्यावर ४३ झालं, पाणी वाढतंय आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गल्ली कोरडी असली तरी निघा, आणि उजेडात निघा. राधानगरीला असे ७ दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात आणि एकेकातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. (दर पावसाळ्यात "पाणी कुणी सोडलं?" यावर कट्ट्याकट्ट्यावर भांडणं होतात. ते दरवाजे कुणाला विचारून उघडत नाहीत.) सासूबाईंना मात्र ३९ लाच राजारामपुरी, संभाजीनगर, कळंबा, जिथे कुणी पाहुणे असतील तिथे चार दिवस राहायला पाठवा. म्हाताऱ्या माणसाला गुडघाभर पाण्यातून काढणं आणि रिक्षाने नेणं यात फार अंतर आहे.

काही वर्षी उगाच निघालो असं वाटेल. २०२४ च्या जुलैत पाणी ४३ च्या पुढे गेलं आणि २०२१ च्या बरंच खाली थांबलं. तेव्हा निघालेल्यांना गल्लीने चिडवलं असेल. चिडवू दे. थांबणाऱ्यांचं काय होतं ते शहराने दोनदा पाहिलंय. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जातो, मग पेट्रोल नाही, भाजी नाही, दुधाची गाडी नाही. बालिंगा-शिंगणापूरचे पंप बुडाले की नळाला पाणी नाही. बाहेर जिकडे बघावं तिकडे पाणी आणि आत प्यायला टँकरची वाट. "वरच्या मजल्यावर राहू" म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो: संडासचं काय, आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत? शेवटी बोटीतूनच निघायची वेळ आली, तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आणि बोटीत दाटी असेल तर अजिबात चढू नका. २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी करायच्या कामांत पहिलं वीज, आणि विजेत पहिला इन्व्हर्टर. लोक मेन स्विच पाडतात आणि घर मेलं असं समजतात. मेन पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो लगेच बॅटरीवर चालू होऊन त्याच्या लाइनवर पुन्हा २३० व्होल्ट सोडतो. हॉलचा पंखा बंद असतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण बोर्डात करंट असतो आणि पाणी त्या बोर्डाकडे चढत असतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद, मग त्याची पिन सॉकेटमधून काढा, मग बॅटरीची निगेटिव्हची, म्हणजे काळी वायर पान्याने सोडवा आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. त्यानंतर सगळे एमसीबी (बोर्डातले आपोआप पडणारे छोटे स्विच) खाली आणि शेवटी मीटरजवळचा मेन. बॅटरी दोघांनी उचलून वर न्यायची, आणि उभीच न्यायची. आडवी झाली की आतलं ॲसिड सांडतं. गच्चीवर सोलर असेल तर त्याचा डीसी आयसोलेटरही पाडा, कारण उन्हात त्या पॅनेलची वायर कायम जिवंत असते.

हे सगळं फरशी कोरडी असतानाच. पाय ओले असतील, फरशीवर पाणी असेल, तर मेनलासुद्धा हात लावायचा नाही. १९१२ ला फोन करा किंवा भागातल्या लाइनमनला सांगा, तो बाहेरून लाइन तोडेल. पाणी वाढलं की महावितरण तसंही ट्रान्सफॉर्मर बंद करतं, पण त्यावर विसंबू नका. ते कधी बंद करतील आणि कधी चालू करतील हे तुमच्या हातात नाही. तुमचा मेन तुमच्या हातात आहे.

मग गॅस. रेग्युलेटर काढा, सिलिंडरला टोपी लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधा. भरलेलं सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतं. बांधलं नाही तर घरभर आपटत फिरतं आणि व्हॉल्व्ह मोडतो. फ्रिजही तरंगतो. त्याला उंचावर ठेवायला माणसं नसतील तर रिकामा करून भिंतीशी बांधून टाका, नाहीतर परत आल्यावर तो दाराला आडवा पडलेला सापडतो आणि दार उघडत नाही. आतली लाकडी दारं उघडी ठेवून बांधा. फुगलेलं दार चौकटीत असं अडकतं की तोडावंच लागतं.

आणि संडास. तळमजल्यावर पुराचं पाणी पहिल्यांदा उंबऱ्यावरून येत नाही, ते संडासाच्या भांड्यातून आणि न्हाणीच्या जाळीतून येतं, कारण ड्रेनेज आधी तुंबतं. पुढच्या दाराला मातीची पोती लावून माणसं बसतात आणि मागून घर भरतं. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तोंड घट्ट बांधून ती भांड्यात दाबून बसवा, जाळ्यांवरही तशाच पिशव्या ठेवा. पाणी यायचं थांबत नाही, पण घाण कमी येते आणि थोडा वेळ मिळतो. जमिनीतली पाण्याची टाकी रिकामी ठेवू नका, काठोकाठ भरून झाकण पक्कं करा. प्लॅस्टिकची रिकामी टाकी खालच्या पाण्याने जमिनीतून उचलून निघते. कापसाच्या गाद्या आधी वर टाका, त्या भिजल्या की चार माणसांना उचलत नाहीत. धान्य, कपडे, कागदपत्रं याचं वेगळं काय सांगू. गाडी मात्र ३९ लाच उंचावर लावा, नंतर उंचावर जागा मिळत नाही.

परत येताना घाई नको. पाणी उतरलं म्हणजे संपलं असं नाही. शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर पेठेतल्या जुन्या मातीच्या भिंती पाणी असताना उभ्या राहतात आणि उतरल्यावर ऊन पडलं की बसतात. तुमची इमारत आरसीसी आहे, तुम्हाला ती भीती नाही, पण कंपाउंडच्या भिंतीपासून लांबून चाला. आत शिरताना काठी हातात ठेवा. कपाटाखाली, गाद्यांच्या ढिगात, बुटात साप असतात. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नका, सरळ सीपीआर रुग्णालय गाठा.

झाडू हातात घ्यायच्या आधी मोबाइलने फोटो काढा. प्रत्येक खोली, भिंतीवरची पाण्याची रेघ, मीटर, बिघडलेल्या वस्तू आणि त्यांच्या मागचा नंबराचा स्टिकर. पंचनाम्याला माणसं येतील तेव्हा घर स्वच्छ झालेलं असतं आणि मग "तुमच्याकडे पाणी कुठवर होतं?" या प्रश्नाला दाखवायला काही उरत नाही. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा.

गाळ ओला असतानाच काढायचा. पाणी घोट्याएवढं राहिलंय तेव्हाच खराट्याने ढवळून उतरत्या पाण्याबरोबर बाहेर ढकलता आला तर निम्मं काम तिथे होतं. दोन दिवस वाळू दिला की तो फरशीच्या सांध्यात सिमेंटसारखा बसतो. पायात गमबूट, हातात मोजे हवेतच. पायाला जखम असेल तर त्या चिखलात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे जखमेतून शिरणाऱ्या तापाची भीती असते. आरोग्य केंद्राचे लोक गोळ्या घेऊन येतात, त्यांना टाळू नका. जमिनीतली टाकी पूर्ण उपसायची, घासायची, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायची, पहिलं भरलेलं पाणी सोडून द्यायचं. पिण्याचं पाणी त्यानंतरही बरेच दिवस उकळूनच.

आता माझा प्रांत. पुरानंतरच्या आठवड्यात सगळ्यात धोक्याचे दोन शब्द म्हणजे "लावून बघूया". फ्रिज लावून बघूया, मिक्सर लावून बघूया, मेन वर करून बघूया. वरून बोर्ड वाळलेला दिसतो, पण भिंतीतल्या पाइपमध्ये पाणी महिनाभरसुद्धा राहतं. बोर्डाची प्लेट खोलली की पाइपाच्या तोंडातून गढूळ पाण्याची धार येते, आत वायरच्या जोडांवर गाळाचा थर असतो आणि तांब्याला हिरवा गंज धरलेला असतो. बुडालेला प्रत्येक एमसीबी, आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा), स्विच आणि सॉकेट फेकून द्यायचा. एमसीबी धुऊन वाळवून परत लावणारे आहेत. तो एमसीबी चालू होईल, दिवा लागेल, पण ज्या दिवशी त्याने पडायला हवं त्या दिवशी तो पडणार नाही. वायर चांगल्या कंपनीची असेल तर बहुतेक वेळा वाचते. तिचे जोड कापून टाकायचे, पाइपात ब्लोअरने हवा मारायची, सगळ्या प्लेटा खोलून काही दिवस तशाच ठेवायच्या. त्यानंतर मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायचा. ५०० व्होल्टच्या मेगरवर फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थमध्ये किमान १ मेगाओहम दिसलं पाहिजे. त्याच्या खाली असेल तर आणखी वाळवा, नाहीतर तेवढी वायर ओढून नवी घाला. अर्थिंग तपासल्याशिवाय आणि ३० मिलीअँपचा नवा आरसीसीबी बसवल्याशिवाय मीटरकडून लाइन घ्यायची नाही. मग एकेक एमसीबी वर.

बोअरची मोटर पाण्यातच राहणारी, तिला काही होत नाही. भिंतीवरची तिची स्टार्टर पेटी जाते. टाकीवर चढवणारी साधी मोटर मात्र रिवाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागते. वाइंडिंग नुसतं भिजलेलं असेल आणि मोटर चालवलेली नसेल, तर भट्टीत वाळवून व्हार्निश मारून ती वाचते. लावून बघितली असेल तर जळते. पुरानंतर उद्यमनगरात मोटरींची रांग लागते, त्यातल्या किती तरी पाण्याने गेलेल्या नसतात, घाईने गेलेल्या असतात. स्कूटरचंही तेच. किक मारू नका, ऑइल काढून बघा. दुधाच्या चहासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी गेलंय.

घर घेऊन फसलो का, असंही तुम्हाला वाटत असेल. महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघून घ्या, घर निळ्या रेषेच्या आत आहे की निळ्या-लाल रेषांच्या मध्ये. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. पण आता घेतलंच आहे, तर येत्या उन्हाळ्यात पहिला खर्च फर्निचरवर करू नका, वायरिंगवर करा. २०२१ च्या खुणेच्या दोन फूट वर सगळे बोर्ड, मेन आणि इन्व्हर्टर. वायर छतातून खाली उतरेल अशी घ्या, जमिनीलगत पाइप नको. चार्जिंगचं सॉकेट वाकून लावायची सवय आहे, ते हात वर करून लावावं लागेल, एवढाच त्रास. वायरमन बघताना त्याच्याकडे मेगर आहे का, हे आधी विचारा. टेस्टरवर घर तपासणारा माणूस पूरपट्ट्यात उपयोगाचा नाही.

राहिलं मालवण. तिथला हिशेब वेगळा. आपला पूर दिवसांत येतो, वादळ तासांत येतं आणि तासांत जातं, पण मागे कित्येक दिवस लाइट ठेवत नाही. मे २०२१ च्या तौक्तेत सिंधुदुर्गात खांब आडवे झाले आणि वाड्यावाड्या अंधारात राहिल्या. आईबाबांचं घर कौलारू असेल तर मे महिन्यातच माडाच्या वाळक्या झावळ्या आणि नारळ उतरवून घ्या, छपरावर वाकलेल्या फांद्या तोडा. पडवीच्या पत्र्यांचे हुक आवळून घ्या. पत्रा एका कोपऱ्यातून सुटला की सगळा जातो. बंदरावर बावटा लागला, हवामान खात्याचा इशारा आला आणि घर किनाऱ्यालगत असेल, तर दोघांनी आत वाडीत नातेवाइकांकडे जायचं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि वादळ एकत्र आलं की समुद्र कुठवर येईल ते पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्यालाही सांगता येत नाही. आत थांबायचं तर माडापासून लांबच्या, पक्क्या छताच्या खोलीत. मध्येच वारा एकदम पडला तर बाहेर येऊ नका. वादळाचा डोळा जात असेल तर थोड्या वेळाने तोच वारा उलट्या दिशेने सुरू होतो, आणि अर्धवट तुटलेलं झाड तेव्हा पडतं. पडलेल्या तारेला काठीनेसुद्धा हात लावायचा नाही, ती मेलेली आहे असं समजायचंच नाही. शेजारी कुणी जनरेटर लावला असेल तर त्या लाइनमध्ये उलटा करंटही येतो.

बातमी ऐकून तुम्ही कोल्हापुरातून गाडी काढू नका. फोंडा असो की गगनबावडा, त्या पावसात घाटात दरड येते आणि तुम्ही ना इकडच्या ना तिकडच्या. आत्ताच दोन-तीन नंबर घेऊन ठेवा: शेजारच्या घरातलं एखादं तरुण पोरगं, वाडीतला वायरमन, आणि सिंधुदुर्गातच पण किनाऱ्यापासून आत राहणारं एखादं नातेवाईक. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ तिथल्या फोनवरून लागतो, तो आईबाबांच्या मोबाइलमध्ये घालून द्या. वादळात टॉवर बंद पडतात आणि दोन-दोन दिवस फोन लागत नाही, तेवढ्यावरून काही झालं असेल असं धरायचं नाही, हे दोघांशी बोलून ठेवा. रेंज आली की पहिला मेसेज त्यांनी तुम्हाला नाही, त्या आतल्या नातेवाइकाला करायचा. त्याच्याकडे माणूस पाठवता येतो, तुम्हाला इथून येत नाही.